फेरि कहिले आउने?

नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातल्या एखाद्या डोंगरी शाळेत तीन-चार महिने मुलांसोबत काढून निघायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो. ‘फेरि कहिले आउने?’ परत कधी येणार? मराठी कानाला ह्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो, निदान लांबच्या नात्यातला. तरीही बहुतेक जण चुकीचं उत्तर देतात. ‘पुढच्या वर्षी’ म्हणून मोकळे होतात, आणि पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

स्वयंसेवक म्हणून कसं जावं, ह्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कसं निघावं, ह्यावर फार थोडं. मुलांच्या दृष्टीनं मात्र आपलं येणं म्हणजे एक मौज असते आणि आपलं जाणं ही खरी घटना.

मराठी माणसाला नेपाळच्या शाळेत पहिल्या दिवशी एक देणगी आयती मिळते. फळ्यावरचं सगळं वाचता येतं. लिपी देवनागरी, आकडे आपलेच. उच्चारातही आपण हिंदीभाषकापेक्षा जवळचे, कारण नेपाळीतला च आणि ज बराचसा आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा आणि ‘जग’मधल्या ज सारखा. श, ष, स हे तिन्ही बोलताना बहुधा स होतात, व चा अनेकदा ब होतो. आणि ळ नाही. मुलांना तो उच्चार करून दाखवला की अख्खा वर्ग जीभ वळवून पाहतो. ओळख करून घ्यायला ह्याहून सोपं साधन नाही.

पण वाचता येणं म्हणजे कळणं नव्हे. ‘दाइ’ म्हणजे सुईण नाही, थोरला भाऊ. ‘बहिनी’ ही वहिनी नव्हे, धाकटी बहीण. ‘नानी’ म्हणजे लहान मूल. आपल्याकडे लहान मुलाला ‘तू’ म्हणणं हा लाड. नेपाळीत ‘तँ’ हा घरातला किंवा भांडणातला शब्द, शाळेत मुलांना ‘तिमी’ म्हणायचं असतं. मोठ्यांना ‘तपाईं’. आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. नेपाळनं २०१८च्या बालकांविषयीच्या कायद्यानं घरीदारी, सगळीकडेच मुलांना मारण्यावर बंदी घातली. दक्षिण आशियात असं करणारा तो पहिला देश. वर्गात छडी दिसली तर गप्प बसू नये, पण मुलांसमोर शिक्षकांना टोकूही नये. मुख्याध्यापकांशी एकांतात बोलावं.

काम कुठे करावं, हे निघण्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचं आहे. अनाथालयात स्वयंसेवक म्हणून जाऊ नये. हे मी मोघम म्हणत नाही. १९९६ ते २००६च्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शहरात शिकवतो’ म्हणून मुलं आणली, आईबापांकडून पैसे घेतले, आणि कागदोपत्री ती मुलं अनाथ केली. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. ही बालगृहं एकवटली आहेत ती पर्यटक जातात तिथे: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. गरज असते तिथे नाही. दर दोन महिन्यांनी नवा चेहरा गळ्यात पडायचा आणि दोन महिन्यांनी निघून जायचा, असं ज्या मुलाचं आयुष्य होतं, ते कुणाच्याही मांडीवर पटकन चढतं. येणाऱ्याला वाटतं, किती माया लावली! खरं तर ते मूल परक्याला परकं ओळखायचं विसरलेलं असतं. शाळेतलं मूल चार वाजता घरी जातं, आईला हाक मारतं. आपण गेलो तरी त्याचं घर तिथेच राहतं. एवढ्या एका फरकावर सगळं अवलंबून आहे. आणि ज्या संस्थेनं तुमच्याकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं नाही, तिथे शाळा असली तरी जाऊ नये.

शाळा निवडताना ‘सामुदायिक’ हा शब्द शोधावा. ती सरकारी शाळा. ‘बोर्डिङ’ म्हणजे खाजगी इंग्रजी शाळा. तिथे वसतिगृह असेलच असं नाही.

निघण्याचा मुहूर्त आपल्या विमानाच्या तिकिटावरून नाही, शाळेच्या पंचांगावरून ठरवावा. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. हा वैशाख आपला चांद्र वैशाख नव्हे, सौर आहे. महिने २९ दिवसांपासून ३२ दिवसांपर्यंत कितीही भरतात, त्यामुळे मनातल्या मनात तारखा बदलायला जाऊ नये, छापील पात्रो, म्हणजे तिथली दिनदर्शिका, भिंतीवर लावावा. शनिवारची सुट्टी आणि रविवारी शाळा ही तिथली जुनी घडी. ह्या शनिवारचं ऋण गोरखा विसरणार नाही. १२ वैशाख २०७२, म्हणजे २५ एप्रिल २०१५, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, केंद्र ह्याच जिल्ह्यातल्या बारपाकजवळ. सुमारे ९,००० माणसं गेली. हजारो वर्गखोल्या पडल्या, आणि त्या रिकाम्या होत्या, कारण तो शनिवार होता. किल्लारीच्या आठवणी असलेल्या माणसाला ह्या वाक्याचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

निघायला सगळ्यात चांगली वेळ दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या आधीची. घटस्थापनेच्या सुमारास शाळा बंद होतात, मोठी मंडळी काठमांडूहून, आखाती देशांतून घरी येतात, गावात बांबूचे उंच झोके, लिङ्गे पिङ, उभे राहतात. आपण जातो ती पोकळी भरायला अख्खं गाव हजर असतं. घरोघरी अंधाऱ्या कोपऱ्यात जव पेरलेले असतात. दहाव्या दिवशी त्याचे पिवळे कोंब, जमरा, वडीलधारे टीका, म्हणजे टिळा, लावताना कानामागे खोवतात. आपल्याकडेही घटातलं धान दसऱ्याला टोपीत खोवतातच. मधल्या कुठल्या तरी मंगळवारी, चालू धड्यातून उठून जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

आता प्रत्यक्ष काम. शेवटचे पंधरा शाळा-दिवस मोजून घ्यावेत. आठवड्याला सहा दिवस धरले तर अडीच आठवडे होतात. पहिल्या पाच दिवसांत तास आपण आणि वर्गशिक्षक मिळून घेतो. पुढच्या पाचात शिक्षक घेतात आणि आपण मागच्या बाकावर बसतो. शेवटच्या पाचात रोजच्या निदान दोन तासांना वर्गात जायचंच नाही. हे शेवटचं फार जड जातं. पण ते केलं नाही तर काय होतं? स्वयंसेवक आला की शिक्षकांना श्वास घ्यायला उसंत मिळते, ते दुसऱ्या वर्गाकडे लक्ष देतात. खेळ-गाण्यांत मुलं रमतात. स्वयंसेवक गेल्यावर शिक्षक परत येतात तेव्हा वर्ग पुस्तकात दोन धडे मागे असतो, मुलांना खडू-फळा कंटाळवाणा वाटतो, आणि ह्याचा राग शिक्षकांवर निघतो. म्हणजे आपण मुलांची करमणूक केली आणि त्यांच्या शिक्षकाचं काम अवघड करून ठेवलं.

दुसरं, मोजून ठेवावं. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’नं रूढ केलेली वाचनाची पट्टी इथे सरळ वापरता येते: मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, सोपा परिच्छेद वाचतं की गोष्ट वाचतं. नेपाळी मजकूर शिक्षकांकडून लिहून घ्यावा, आपण रचू नये; आपल्या नेपाळीत मराठी वळणं शिरतात. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात एकेका मुलाला बाजूला बसवून पाहावं, पाच मिनिटं पुरतात. निकाल भिंतीवर लावू नये. एका वहीत नावापुढे दोन खुणा, बस्स. ही वही शिक्षकांच्या हातात द्यावी आणि तिच्यात आणखी तीनच गोष्टी असाव्यात: कुठला धडा कुठवर झाला, कुठले साहित्य कुठल्या कपाटात आहे, आणि कुठल्या मुलाला फळा नीट दिसत नाही किंवा ऐकू कमी येतं. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची. चाळीस पानांचा इंग्रजी अहवाल कुणी उघडत नाही.

साहित्याचंही तसंच. रंगीत तक्ते पावसाळ्यात, असार-साउनमध्ये, ओल धरून गळून पडतात; ते भिंतीला चिकटवण्याऐवजी दोरीला चिमट्यांनी टांगावेत आणि सुट्टीआधी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब. फुटबॉल द्यायचा तर पंप आणि चार-पाच सुया बरोबर द्याव्यात. चेंडू फाटण्याआधी सुई मोडते, कारण ती कोरडी घुसवतात. टोक ओलं करून सरळ रेषेत घालायची, हे दोन मोठ्या मुलींना शिकवून ठेवावं. लहान वर्गांना चार नंबरचा चेंडू, पाच नंबरचा पायाला लागतो.

मुलांना तारीख कधी सांगावी? बालविकास वर्गातल्या चिमुरड्यांना ‘पुढचा महिना’ कळत नाही. त्यांच्यासाठी रंगीत कागदाची पंधरा कड्यांची साखळी करावी, रोज शाळा सुटताना एक कडी तोडावी. कडी तोडायचा मान रोज वेगळ्या मुलाचा. मोठ्यांना तारीख सांगावी, आणि आल्या दिवशीच सांगितलेली असेल तर उत्तम. शिक्षक कधी कधी प्रेमानं म्हणतात, ‘मुलं रडतील, आदल्या दिवशी सांगू.’ तसं करू नये. न सांगता पहाटेच्या जीपनं निघून जाणं तर नाहीच. रडणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. न रडता गोंधळून जाणं वाईट.

ह्या शेवटच्या दिवसांत एक गोष्ट घडते आणि माणसं तिनं दुखावतात. कायम बोट धरून चालणारी मुलगी अचानक बघेनाशी होते. शांत मुलगा दंगा करतो, वही फाडतो. ते आपल्यावर रागावलेले असतात असं नाही. सोडून जाण्याआधी आपणच सोडायचं, हा लहान माणसाचा साधा बचाव आहे. तिला ओढून जवळ घेऊ नये. रोजच्यासारखं नाव घेऊन काम सांगावं.

एकेका लाडक्या मुलाला वेगळी भेट देऊ नये. कुणी आई येऊन म्हणते, ह्याला शिकवा, तुम्ही न्या. उत्तर नम्र आणि स्पष्ट हवं: एका मुलाला पैसे देता येणार नाहीत, द्यायचे तेव्हा विद्यालय व्यवस्थापन समितीच्या खात्यात, पावती घेऊन. फोटो मुलांचे चेहरे, गणवेशावरचं शाळेचं नाव आणि गावाचं नाव एकत्र दिसेल असे कुठेही टाकू नयेत. मोठी मुलं समाजमाध्यमांवर मैत्रीची विनंती पाठवतात. शिक्षकांमार्फतच बोलू, असं आधीच सांगून ठेवावं. आणि कुणा मुलाविषयी खरी काळजी वाटत असेल तर ती सोबत घेऊन निघू नये. नेपाळातही बालकांचा मदत क्रमांक १०९८च आहे, आपल्यासारखाच.

बिदाइचा कार्यक्रम लांबतो. सयपत्रीच्या, म्हणजे झेंडूच्या माळा, टीका, भाषणं. आपलं भाषण नेपाळीत, पाच वाक्यांचं. त्यात ‘येईन’ हे क्रियापद नको. ‘फेरि कहिले आउने?’ला खरं उत्तर ‘थाहा छैन’, ठाऊक नाही. पुढे जोडता येतं: पत्र पाठवीन. मात्र मग ते पाठवायचंच.

प्रवास फूलपातीच्या, म्हणजे सातव्या दिवसाच्या आत उरकावा किंवा टीका होईपर्यंत एका जागी थांबावं. दशैंच्या आधी उलट दिशेची, गावाकडे येणारी वाहनं खच्चून भरलेली असतात, आणि विजयादशमीच्या दिवशी बसेस जवळजवळ नसतातच. पाऊस नुकताच ओसरलेला, हिमशिखरं धुऊन ठेवल्यासारखी, पण रस्ते जखमी. रात्रीची बस घेऊ नये. जुलै २०२४मध्ये नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या पहाटेच्या अंधारात त्रिशूलीत गेल्या. त्या नदीकाठानं जाताना खिडकीतून खाली पाहिलं की हा नियम पाळावासा वाटतो.

पैशांचं एवढंच: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा बिनघोर चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, ते निघण्याआधी पाहावेत. शहरांत २०२४पासून तिथल्या ‘फोनपे’ जाळ्याच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. हे नाव आपल्याकडच्या अ‍ॅपसारखं ऐकू येतं, पण कंपनी वेगळी. डोंगरात रोख ठेवावी. व्हिसा लागत नाही. विमानानं जाणाऱ्या प्रौढाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार त्यासाठी चालत नाही.

मला गोरखा ते गोरखपूर हा उतार फार अर्थपूर्ण वाटतो. गोरखा बाजारच्या वर, नेपाळ एकत्र करणाऱ्या पृथ्वीनारायण शाहांच्या दरबारापाशी, गोरखनाथांची गुहा आहे. त्यांच्याच नावानं हे गाव. दुसऱ्या टोकाला गोरखपूरचा मठ. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ज्ञानदेवांची गुरुपरंपरा ज्यानं लहानपणी पाठ केली, तो ह्या वाटेवर पाहुणा उरत नाही.

गोरखा बाजारातून आँबुखैरेनीला उतरलं की पृथ्वी राजमार्ग. तिथून पुढे डुम्रे, आणि डुम्रेहून आठ किलोमीटर चढून बन्दिपूर. भारत-तिबेट व्यापाराच्या वाटेवरचं हे नेवार व्यापाऱ्यांचं गाव. राजमार्ग खालून गेला, व्यापारी उतरून गेले, आणि दगडी फरशीची पेठ जशीच्या तशी राहिली. पेठेत गाड्या येत नाहीत. शाळेतून निघालेल्या माणसानं पहिले दोन दिवस इथे काढावेत, पोखऱ्याच्या गजबजाटात नाही. सकाळी दहाला कान आपोआप घंटेकडे लागतात, खिशात खडूचा तुकडा सापडतो. ही अस्वस्थता चालल्यानं निवते. पोखऱ्याला डोंगर पाहायचे. ६,९९३ मीटरच्या माछापुच्छ्रेवर चढाईला परवानगी नाही, तो फक्त पाहायचा आहे. अन्नपूर्णा परिसरात चालायचं तर परवाना काढावा, सार्क देशांच्या नागरिकांना तो इतर परदेशी लोकांपेक्षा बराच स्वस्त पडतो.

पोखऱ्याहून सिद्धार्थ राजमार्गानं दक्षिणेला तानसेन. वळणं इतकी की बसमध्ये पुढची जागा घ्यावी आणि पोटात थोडंच असावं. इथे ढाका कापड विणतात. ज्या टोप्या शाळेत सरांच्या डोक्यावर रोज पाहिल्या, त्यांच्या नक्षीचं मूळ मागावर दिसतं. खाली काली गण्डकीच्या काठी खड्ग शमशेर राणानं पत्नीच्या आठवणीत बांधलेला रानीमहाल. तानसेन ते बुटवल ह्या टप्प्यात सिद्धबाबाची घाटी दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. पाऊस झाला असेल तर एक दिवस थांबावं.

मग डोंगर संपतात. बुटवल, भैरहवा, लुम्बिनी. केन्झो तांगे ह्या जपानी वास्तुरचनाकारानं १९७८मध्ये पूर्ण केलेल्या आराखड्यातला लांबच लांब परिसर सायकलनं पाहावा. महाराष्ट्रातून इथे माणसं श्रद्धेनं येतात, आणि त्याला कारण आहे: बाबासाहेब नोव्हेंबर १९५६मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले, महापरिनिर्वाणाच्या सुमारे दोन आठवडे आधी. मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. त्यावर ब्राह्मीत लिहिलं आहे, ‘हिद बुधे जाते सक्यमुनि ति’, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले. पुढे ह्या गावाचा कर कमी केल्याची नोंद. जी पोरं तिकडे डोंगरात अजून क ला काना देताना अडखळतात, त्यांच्या अक्षरांचा आणि आपल्या अक्षरांचा पूर्वज हा दगडावर बसलेला आहे. स्तंभापुढे मी कुणालाही घाई करू देणार नाही.

पत्र इथेच लिहावं, आणि सीमा ओलांडण्याआधी भैरहवाच्या हुलाकात, म्हणजे टपालात टाकावं. तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, संपून शाळा उघडेल तोवर ते पोहोचण्याची शक्यता चांगली. सुनौलीच्या फाटकातून भारतीयाच्या कागदावर शिक्का पडत नाही, घड्याळ पंधरा मिनिटं मागे जातं, तीनेक तासांत गोरखपूर, तिथून कुशीनगर एक्स्प्रेस भुसावळ, नाशिक करत कल्याणला आणते. इतक्या लांबून लिहायला बसलं तर पत्र राहून जातं.

पत्र अख्ख्या वर्गाला, एकाला नाही. पत्ता शाळेचा, मुख्याध्यापकांच्या नावे. अक्षर मोठं, वाक्यं लहान, म्हणजे परिच्छेद वाचणाऱ्यालाही ते मोठ्यानं वाचता येईल. स्तंभाचं चित्र काढावं. नेपाळी शब्दांची खात्री नसेल तर तिथल्याच एखाद्या चहाच्या दुकानात विचारून घ्यावी. खाली आपलं नाव, आडनावासह. आडनावात काळे, कांबळे, हिंगळे असा ळ असेल तर तो तसाच लिहावा. वर्गात तो वाचता येणारी तीसेक मुलं आहेत.